भुईवरचे माप

सांगलीच्या हळदपेठेत सौद्याच्या दिवशी गेलात, तर पोत्यांच्या थप्प्यांमधून वाट काढावी लागते. हवेत हळदीचा उग्र वास भरलेला असतो. लिलाव संपला की पोती काट्यावर चढतात. पूर्वी तेथे साखळदंडाचा मोठा तराजू असे. आता विजेवर चालणारा काटा आहे. त्याच्या काचेवर आकडे लखलखतात, आणि लखलखणारा आकडा खोटा कसा असेल, असे आपल्याला वाटू लागते.

परंतु वैधमापन खात्याचा निरीक्षक येतो, तेव्हा तो त्या लखलखाटाला भुलत नाही. तो आपल्याबरोबर एक वजन आणतो. ते किती किलोचे आहे हे त्याला आधीपासून पक्के ठाऊक असते. ते वजन तो काट्यावर ठेवतो आणि मग आकड्याकडे पाहतो. वीस किलोचे वजन ठेवल्यावर काट्याने साडेएकोणीस दाखवले, तर पन्नास किलोच्या प्रत्येक पोत्यामागे शेतकऱ्याची सव्वा किलो हळद बुडणार, हे उघड आहे. काट्याची परीक्षा हळदीने होत नाही. कारण हळद किती आहे हेच तर आपल्याला शोधायचे असते. काट्याची परीक्षा ठाऊक असलेल्या वजनानेच होते.

आता असा एक काटा कल्पा, की जो जमिनीपासून शेकडो किलोमीटर उंचीवरून पृथ्वीला प्रदक्षिणा घालीत आहे. त्याच्या पारड्यात हळद नाही, तर हिमालयाच्या उतारांवर पडलेले हिम आहे. त्या काट्यापाशी निरीक्षकाने कसे जावे, आणि वजन ठेवावे तरी कोठे?

तुम्ही म्हणाल, हिमाशी आपला काय संबंध? आपल्या सातारा-सांगलीच्या मुलखात हिम पडत नाही. थंडीच्या दिवसांत महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी पहाटे दवबिंदू गोठतात, गवताच्या पात्यांवर आणि मोटारींच्या टपांवर पांढरा थर दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्याचे छायाचित्र येते. सूर्य वर आला की तो थर नाहीसा होतो. एवढीच आपली हिमाशी ओळख.

पण ही ओळख अपुरी आहे. सातारा हा सैनिकांचा जिल्हा. येथल्या कित्येक घरांतील माणसे उत्तरेच्या सीमेवर, हिमात उभी राहिलेली आहेत. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेन हिमनदीवर, सुमारे १९,६०० फूट उंचीवरच्या एका चौकीवर हिमाचा प्रचंड कडा कोसळला आणि दहा जवान त्याखाली गाडले गेले. त्यांत एक जवान माण तालुक्यातला होता. माण म्हणजे आपल्याकडचा सर्वांत कोरडा मुलूख; तेथे पावसाच्या दोन सरींसाठी माणसे आभाळाकडे डोळे लावून बसतात. त्या गावच्या मुलाला हिमाने गिळावे, हे ऐकताना मन सुन्न होते. शोधासाठी प्रशिक्षित कुत्री नेली होती, आणि हिमाच्या पोटात पाहू शकणारी रडारयंत्रेही विमानाने वर पोहोचवली होती. सहाव्या दिवशी एक जवान जिवंत सापडला. पण ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या रुग्णालयात त्याचाही अंत झाला.

कडा कोणत्या क्षणी कोसळेल, हे कोणतेही यंत्र सांगत नाही. पण कोणत्या उतारावर किती हिम साठले आहे, ते भुसभुशीत आहे की पाण्याने जड झाले आहे, हे कळले तर धोक्याच्या वाटा पुष्कळशा ओळखता येतात. शिवाय सतलज, बियास, गंगा या नद्यांना उन्हाळ्यात जे पाणी येते, त्यातले बरेचसे हिवाळ्यात साठलेले हिमच वितळून येते. तेव्हा हिमाचे मोजमाप ही हौसेची गोष्ट नव्हे.

हे मोजमाप करण्याची जुनी रीत साधी आहे. हिमात खड्डा खणावा, पट्टीने खोली मोजावी, ठरावीक आकाराच्या नळीत हिम भरून ते तोलावे. एक मीटर खोल हिम वितळले म्हणजे एक मीटर पाणी होते, असे समजू नका. ताजे हिम कापसासारखे हलके असते. काही दिवसांनी दबलेल्या हिमाचाही एक मीटरचा थर वितळला, तर सुमारे तीस सेंटिमीटर पाणी मिळते. १९६९ साली मनालीला हिम व हिमस्खलन यांच्या अभ्यासासाठी भारताच्या संरक्षण संशोधन खात्याने एक संस्था काढली. तिचे काम आता एका मोठ्या संस्थेत सामावले गेले आहे. तेथील माणसांनी वर्षानुवर्षे असे खड्डे खणले. पण हिमालय केवढा, आणि खड्डे किती खणणार? जेथे माणूस पोहोचू शकत नाही, धोका नेमका तेथेच असतो.

म्हणून उपग्रहांकडे वळावे लागले. उपग्रहावर साधा कॅमेरा बसवला तर त्याला दोन अडचणी येतात. रात्री त्याला दिसत नाही, आणि ढग आले की तो आंधळा होतो. हिम तर ढगांतूनच पडते! रडारला मात्र या दोन्ही अडचणी नाहीत. रडार स्वतःच लहरी सोडते आणि जमिनीवर आपटून परत आलेल्या लहरी टिपते. विहिरीत वाकून हाक मारली की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येतो, तसेच हे आहे. फक्त येथे आवाजाऐवजी विजेच्या लहरी असतात, आणि त्या ढगांतून सहज आरपार जातात. जेथून पुष्कळ लहरी परततात, ती जागा रडारच्या चित्रात उजळ दिसते. जेथून थोड्या परततात, ती काळी दिसते. खडकाळ उतार उजळ, शांत पाण्याचा तलाव काळा. कोरडे हिम या लहरींना जवळजवळ काचेसारखे असते; त्या हिमातून खाली जातात आणि खालच्या जमिनीवरून परततात. पण त्याच हिमाला थोडासा ओलावा सुटला, की ते लहरी गिळून टाकते आणि चित्रातला तो भाग काळवंडतो. मुंबईत पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात हिमाचल प्रदेशातील हिमाचा विस्तार आणि ओलावा असल्या चित्रांवरूनच काढला.

येथे खरी गोम आहे. ‘उजळ’ म्हणजे किती उजळ? ‘काळे’ म्हणजे किती काळे? मागच्या महिन्यातल्या चित्रापेक्षा आजचे चित्र काळे दिसले, तर हिम ओले झाले म्हणावे, की उपग्रहावरचे यंत्र थोडे मंदावले म्हणावे? यंत्र तापते, थंड होते, जुने होते. त्याचा अँटेना ठरवलेल्या दिशेपासून किंचित ढळतो. वर जाऊन तपासण्याची सोय नाही. हळदपेठेतला निरीक्षक येथे हवा होता, आणि त्याचे वजनही.

ते वजन म्हणजे पत्र्याचा एक कोन. त्याला कोनपरावर्तक म्हणतात. नाव मोठे असले तरी वस्तू अगदी साधी आहे. तीन सपाट पत्रे, एकमेकांशी काटकोनात जोडलेले. जणू एखाद्या खोलीचा कोपराच कापून बाहेर आणून ठेवला आहे. दोन भिंती आणि एक जमीन.

या कोपऱ्यात असे काय आहे? तुमच्यापैकी ज्यांचे घर जुन्या वाड्यात असेल, त्यांनी रबरी चेंडू घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात नेम धरून पाहावा. चेंडू एकाच भिंतीवर तिरपा मारला, तर तो पलीकडे निघून जातो. पण कोपऱ्यात मारला, तर तो एका भिंतीवरून दुसरीवर आणि दुसरीवरून परत आपल्याच दिशेने येतो. चेंडूला वजन असते, तो जमिनीकडे ओढला जातो, म्हणून हा खेळ नेमका जमत नाही. प्रकाशाला आणि रडारच्या लहरीला ती अडचण नाही. तीन पृष्ठांवर एकापाठोपाठ आपटून लहर जेथून आली त्याच दिशेने परत फिरते. ती थोडी डावीकडून आली काय किंवा उजवीकडून आली काय, कोन तिला तिच्या मालकाकडेच पाठवतो.

खात्री करून घ्यायची असेल, तर तीन लहान चौकोनी आरसे घ्या आणि पुठ्ठ्याच्या खोक्याच्या कोपऱ्यात चिकटवा. (कडा धारदार असतात, हे काम मोठ्या माणसासमक्ष करावे.) आता एक डोळा मिटून कोपऱ्यात पाहा. तिन्ही आरसे जेथे मिळतात, त्या बिंदूवर तुम्हाला तुमचाच उघडा डोळा दिसेल. मान डावीकडे न्या, उजवीकडे न्या, खाली वाका. डोळा त्या बिंदूवरून हलत नाही. मी प्रथम हे केले तेव्हा दोन-तीनदा मागे वळून पाहिले, की कोणी खोक्यामागून चेष्टा तर करीत नाही ना! सायकलच्या मागे जो लाल डोळा असतो, त्यातही असेच शेकडो बारीक कोन असतात. म्हणून मागून येणाऱ्या मोटारीचा प्रकाश मोटार चालवणाऱ्याच्या डोळ्यांकडेच परततो. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर अशाच शंभर काचेच्या कोनांची चौकट ठेवली. २०२३ साली चंद्रावर उतरलेल्या आपल्या विक्रम यानावरही तसा एक छोटा संच आहे.

रडारसाठी काच लागत नाही, धातूचा पत्रा पुरतो. पण मौज अशी, की त्याचा लहानसा आकार रडारला प्रचंड भासतो. ज्या कोनाची आतली प्रत्येक कड एक मीटर आहे, तो सुमारे नऊ सेंटिमीटर लांबीच्या रडारलहरींना एखाद्या धातूच्या गोळ्याइतका उजळ दिसतो. हा गोळा केवढा म्हणाल, तर सुमारे पंचवीस मीटर व्यासाचा. सात-आठ मजली इमारतीएवढा! कड दुप्पट केली, तर उजळपणा दुप्पट किंवा चौपट होत नाही, तो सोळापट होतो. हे सगळे गणिताने आधीच काढता येते, आणि हेच त्या पत्र्याचे मोल आहे. हिम किती उजळ दिसावे हे कोणालाच ठाऊक नसते. पत्रा किती उजळ दिसावा, हे मात्र पक्के ठाऊक असते. चित्रात तो काळ्या पार्श्वभूमीवर एकट्या चांदणीसारखा चमकतो. ती चांदणी हिशेबापेक्षा मंद दिसली, तर यंत्र मंदावले आहे. तेवढ्या प्रमाणात सगळे चित्र दुरुस्त करायचे. चांदणी असावी तेथे न दिसता दहा मीटर सरकलेली दिसली, तर चित्राचा नकाशाच तेवढा सरकला आहे.

गणित सोपे असले तरी सुताराचे काम सोपे नाही. पत्रे काटकोनात म्हणजे अगदी काटकोनात हवेत. एका अंशाची चूक झाली, तर मीटरभर लांबीच्या कडेला ती साडेसतरा मिलिमीटर होते. नऊ सेंटिमीटरच्या लहरीच्या दृष्टीने ही चूक थोडी नव्हे. पत्रा उन्हाने वाकता कामा नये, वाऱ्याने थरथरता कामा नये. पावसाचे पाणी साचू नये म्हणून तळाला बारीक भोके पाडतात. लहरीच्या मानाने भोक फारच लहान असेल, तर लहरीला ते कळतही नाही. मग जागा निवडायची. भोवती झाडे, घरे, विजेचे खांब नकोत, नाहीतर त्यांचा उजेड आपल्या चांदणीत मिसळतो. जागेचे अक्षांश, रेखांश आणि उंची यांचे मापन सेंटिमीटरपर्यंत काटेकोर करायचे. उपग्रह कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, आकाशाच्या कोणत्या बाजूने जाणार हे आधी कळते. त्या बाजूला कोनाचे तोंड करायचे, आणि तळाचा पत्रा हवा तेवढा कलता ठेवायचा. माळावर एवढा चकचकीत पत्रा ठेवला, की त्याची राखणही करावी लागते, हे वेगळे सांगायला नको.

हिमाच्या प्रदेशात याच्यापुढे आणखी एक संकट उभे राहते. कोनाचे तोंड आकाशाकडे असते, आणि आकाशातून हिम पडते. एका रात्रीत कोन भरून जातो! आत कोरडे, हलके हिम असेल, तर लहर त्यातून जाते खरी, पण तिची वाट किंचित वाकते आणि हिशेब चुकू लागतो. ओले हिम असेल, तर पत्र्याचा उपयोग संपलाच. म्हणून कोन उंच खांबावर बसवतात, किंवा लहरींना न अडवणाऱ्या आवरणाने त्याचे तोंड झाकतात. काही जमले नाही, तर उपग्रह येण्यापूर्वी कोणीतरी फावडे आणि झाडू घेऊन तेथपर्यंत चालत जातो. शून्याखालच्या थंडीत, अंधारात, गुडघाभर हिमातून. आकाशातील यंत्राला करोडो रुपये लागतात. पण त्या पहाटेपुरता त्याचा खरेपणा या माणसाच्या झाडूवर अवलंबून असतो.

काही अभ्यासकांनी मात्र या संकटातूनच युक्ती काढली. त्यांनी विचार केला, कोन मुद्दामच हिमाखाली गेला तर? लहर हिमातून जाताना हवेपेक्षा हळू जाते. म्हणून तिला परतायला थोडा उशीर होतो, आणि रडारला वाटते की कोन आणखी दूर गेला. वस्तुतः तो खडकाला घट्ट बांधलेला असतो, जागचा हललेला नसतो. मीटरभर दबलेल्या कोरड्या हिमाखालचा कोन, सरळ वरून पाहिला असता, सुमारे पाव मीटर खाली खचल्यासारखा भासतो. लक्षात घ्या, त्या हिमात तीस सेंटिमीटर पाणी होते. हिम हलके असले आणि थर जाड असला, किंवा हिम दाट असले आणि थर पातळ असला, तरी पाणी तेवढेच असेल तर हा भास जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणजे खड्डा न खणता, नळी न तोलता, हिमातले पाणीच मोजले गेले! कोन जागचा हलला नाही ही एकच गोष्ट पक्की ठाऊक होती, आणि तिच्या आधाराने न दिसणारी गोष्ट कळली. मात्र हिम कोरडे असेपर्यंतच हे जमते. वसंत ऋतूत ते पाझरू लागले, की पुन्हा खड्डा आणि पट्टी यांचीच आठवण होते.

आता आपल्या देशाच्या ताज्या उद्योगाकडे वळू. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ नावाचा उपग्रह आकाशात गेला. तो भारताची ‘इस्रो’ आणि अमेरिकेची ‘नासा’ या दोन संस्थांनी मिळून बांधला आहे. त्यावर दोन रडारे आहेत. अमेरिकेच्या रडारची लहर सुमारे चोवीस सेंटिमीटर लांबीची, तर भारताच्या रडारची सुमारे नऊ सेंटिमीटरची. बारा मीटर व्यासाच्या जाळीदार छत्रीसारख्या अँटेनातून ही दोन्ही रडारे ७४७ किलोमीटर उंचीवरून पृथ्वी पाहतात आणि दर बारा दिवसांनी पुन्हा त्याच वाटेवर येतात. हिमाच्छादित पर्वत, हिमनद्या, जंगले, पिकाखालची ओली जमीन, भूकंपाने सरकलेले खडक, हे सगळे त्यांच्या नजरेच्या टप्प्यात आहे. भारतीय रडारचे पहिले चित्र १९ ऑगस्ट २०२५ रोजी टिपले गेले. त्यात गोदावरीच्या मुखाजवळचा प्रदेश स्पष्ट दिसतो. नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी समुद्राला मिळताना त्या यंत्राने प्रथम पाहिली, याचे मराठी वाचकाला थोडे कौतुक वाटले तर नवल नाही.

परंतु एवढे मोठे यंत्र वर गेल्यावर शास्त्रज्ञांनी आधी काय केले? अहमदाबादच्या परिसरात आणि देशातील आणखी काही ठिकाणी पत्र्याचे कोन मांडले. उपग्रह वरून गेला की त्या चांदण्या चित्रात शोधायच्या, त्यांचा उजळपणा हिशेबाशी ताडायचा आणि यंत्राला त्याची चूक दाखवून द्यायची. त्यासाठी दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या अरण्याचाही उपयोग केला गेला. ते घनदाट अरण्य मैलोगणती सारखेच उजळ दिसते. त्यामुळे अँटेना किंचित कलला असेल, तर तो त्या एकसारख्या रंगावरून कळून येतो. गुजरातेतल्या माळावर ठेवलेल्या पत्र्याने ज्या यंत्राची परीक्षा झाली, तेच यंत्र हिमालयावरूनही जाते आणि सह्याद्रीवरूनही. हिमासाठी वेगळा काटा आणि आपल्या उसाच्या फडांसाठी वेगळा काटा, असे नसते.

सह्याद्रीत तर रडारच्या परीक्षेचा एक वेगळाच धडा शिकायला मिळतो. वाई तालुक्यात मांढरदेवचा डोंगर आहे. काळूबाईच्या यात्रेमुळे तो सर्वांना ठाऊक आहे. सुमारे तेराशे मीटर उंचीच्या त्या माथ्यावर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने ढग आणि पाऊस यांच्या अभ्यासासाठी रडार उभारले होते. त्याच संस्थेने २०१२ साली महाबळेश्वरला उंचावरील ढगांची प्रयोगशाळा सुरू केली. मांढरदेवचे रडार पृथ्वीकडे नव्हे, तर आभाळाकडे पाहणारे. त्याच्या लहरी पावसाच्या थेंबांवरून परतत. पण थेंबाचा प्रतिध्वनी मोठा विचित्र असतो. थेंबाचा व्यास दुप्पट झाला, तर त्यातले पाणी आठपट होते आणि प्रतिध्वनी चौसष्टपट. म्हणजे दोन मिलिमीटरचा एक थेंब आणि एक मिलिमीटरचे चौसष्ट थेंब रडारला सारखेच दिसतात. प्रत्यक्षात त्या चौसष्ट थेंबांत एका मोठ्या थेंबाच्या आठपट पाणी असते! महाबळेश्वरच्या पावसात बारीक थेंबांचाच भरणा अधिक. डोंगरापलीकडे, पर्जन्यछायेच्या मुलखात, थेंब तुलनेने मोठे. तेव्हा दोन्हीकडे एकच सूत्र लावले, तर महाबळेश्वरचा धो धो पाऊस रडारला कमी वाटेल. येथे पत्र्याचा कोन असता तरी त्याने यंत्र खरे की खोटे एवढेच सांगितले असते. थेंबांची हकीकत सांगायला जमिनीवरचे पर्जन्यमापक आणि थेंबांचे आकार मोजणारे यंत्रच लागते. हिमाच्या प्रदेशातही असेच आहे. कोन कितीही चमकला, तरी खड्डा खणणाऱ्याची सुट्टी होत नाही.

हा केवळ हिशेबाचा खेळ नव्हे. नेहमीच्या सूत्राने पाहिले, तर रडारने प्रतिध्वनी चुकून दुप्पट वाचला की पाऊस दीडपट निघतो, आणि निम्मा वाचला की जवळजवळ दोन-तृतीयांशच निघतो. कोयनेच्या पाणलोटात पडलेला पाऊस एक-तृतीयांशाने कमी समजला गेला तर काय होईल, हे कृष्णाकाठच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले होते. धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट. त्या दिवसांत आभाळ इतके भरलेले होते, की साध्या कॅमेऱ्याने वरून सांगली दिसणे कठीण. असल्या वेळी ढगांखालचा पूर पाहण्यासाठी रडारचीच चित्रे लागतात. त्यांत पुराचे पाणी काळे दिसते. पण काळे काय फक्त पाणीच दिसते? गुळगुळीत डांबरी रस्ता काळा दिसतो, डोंगराची सावली काळी दिसते, हिमालयात तर ओले हिमही काळे दिसते. नुसत्या काळेपणावर विसंबून भागत नाही. तो किती काळा, हे मापाने ठरले पाहिजे, आणि ते माप शेवटी माळावरच्या त्या पत्र्यापाशी येऊन पोहोचते.

आयर्विन पूल १९२९ सालचा. त्याच्यापाशी पाण्याची पातळी दाखवणारे फुटांचे आकडे आहेत. पावसाळ्यात सांगलीची माणसे येता-जाता तेथे थांबतात, खाली वाकून पाहतात आणि घरी जाऊन सांगतात, “आज अडतीस.” तो आकडा ऐकून कोणी धान्याची पोती माळ्यावर चढवतो, कोणी जनावरे उंचावर नेतो. पूर ओसरला की ते आकडे गाळाने माखलेले असतात. मग कोणीतरी ते धुऊन काढतो आणि रंग उडाला असेल तेथे नव्याने रंगवतो. जागा मात्र तसूभरही बदलत नाही.